साडेचार फुटी पलंग

अंबडला फर्निचरच्या कारखान्यात पलंग ठोकणारा सहादू बायको आणि दोन पोरींना घेऊन बारा वर्षं भाड्याच्या एका खोलीत राहत होता. यंदा पाथर्डी फाट्याकडे परवडेलसा फ्लॅट निघाला. सॅम्पल फ्लॅटची बेडरूम बघून बायको, संजना, हरखली. "अहो, पलंग टाकूनसुद्धा केवढी जागा उरतेय."

सहादू पलंगावर आडवा झाला, तर पोटऱ्या बाहेर लोंबल्या. त्यानं गादी भिरकावली. खालच्या फळीवर त्याच्याच हातची पेन्सिलची खूण होती. साडेचार फुटांचे असे कैक पलंग त्यानं पोरासोरांसाठी असतील समजून ठोकले होते.

त्याचं टाळकं सरकलं. पलंगाचा पाय उपटून त्यानं आरसा फोडला, कपाट फोडलं, आवरायला आलेल्या सेल्समनचं नाक फोडलं.

"माझ्या हातानं किती जणांना गंडवलंत रे?"

पांढऱ्या फरशीवर रक्त ठिबकत राहिलं. प्रकरण पोलिसांत जायला नको असेल तर तसाच पलंग फुकट करून दे, असं बिल्डरनं बजावलं.

सहादूनं पलंग केला, सव्वासहा फुटांचा, आणि स्वतः सॅम्पल फ्लॅटमध्ये नेऊन मांडला. बेडरूमचं दार काही केल्या लागेना.