चौकी आपल्याच ताब्यात आहे

सैन्यातला दादा सुट्टीवर आला की आई त्याचे बूट पदराने पुसते आणि माझ्या चपला पायाने बाजूला सारते. मी मंत्र्यांची भाषणं लिहितो, पण कौतुक त्याचंच!

परवा मंत्री गरजले, "चौकी आपल्याच ताब्यात आहे!" वाक्य माझं होतं. दादा तर ती चौकी शत्रूच्या हाती पडल्यावर तिथूनच जखमींना पाठीवर घेऊन उतरला होता.

आज अर्धी सुट्टी टाकून तो निघाला. आई रडायला लागली आणि माझा जळफळाट झाला.

"खोटारड्यांसाठी मरायला चाललास?"

"छे रे. माझे दोघं जवान वरच राहिलेत," बुटाची नाडी आवळत तो म्हणाला. "चौकी आपलीच आहे म्हटल्यावर त्यांना सोडवायला दुसरं कोण जाणार?"

खरं सांगतो, मला त्या दोघांचाही हेवा वाटला.