तात्यांच्या कमरेपर्यंत

पूलमधलं पाणी वाढलं होतं. चांगलं बोटभर. टाइलवर चिकटवलेली टेप मी दोनदा वाकून बघितली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितली. ज्या स्विमिंग पूलची गळती शोधायला मला बोलावलं होतं, तो कालच्यापेक्षा जास्त भरला होता.

"मॅडम, आतून झरा लागला का काय?" बंगल्याच्या मालकाने, संदीपने, विचारलं.

मला हसू आलं नाही. शनिवार पेठेतून लोणी काळभोरपर्यंत ट्रॅफिकमधून गाडी चालवत आले की निदान तासभर तरी मला विनोद कळत नाहीत.

मी सिव्हिल इंजिनिअर. वीस वर्षं लोकांच्या गळत्या शोधते. आधी टेरेस आणि टाक्या, हल्ली बंगल्यांचे पूल. हा पूल संदीपने मुलांसाठी हौसेने बांधला. पुढे त्याच्या वडिलांना, तात्यांना, अर्धांगाचा झटका आला. डावा पाय उचलेना. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, पाण्यात चालवा, अंगाचा भार कमी होतो. तेव्हापासून जमिनीवर दोन पावलं न टाकणारे तात्या छातीभर पाण्यात, कडेचा स्टीलचा बार धरून, रोज सकाळी वीस फेऱ्या मारायचे. आणि आता पूल गळत होता. विहीर आटलेली, दिवसाआड टँकर.

"तिकडं ऊस जळतोय अन् आम्ही टँकरनं हौद भरतोय," संदीप म्हणाला. "पंधरा दिवसांत सापडली तर बरं. न्हाईतर मुरूम टाकून बुजवतो."

माणूस वाईट नव्हता. कंटाळला होता.

पहिली टेस्ट अगदी घरगुती असते. पूलचं पाणी भरून एक बादली पूलच्याच पायरीवर ठेवायची. बादलीत एक खूण, पूलमध्ये एक खूण. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच उडवतं. पूलचं जास्त उतरलं, तर तेवढी गळती. पण बादलीतलं उतरलंय आणि पूलमधलं चढलंय, असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

"पाणी कोणी सोडलं?"

संदीप म्हणाला, मी नाही. त्याची आई, आक्का, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता सकाळी सहालाच गेले. आक्का पदर खोचून उभ्या, हातातला टाकीच्या नळाचा पाइप थेट पूलमध्ये.

"अहो आक्का! माझी टेस्ट चालू आहे ना?"

"तुमची टेस्ट हाय, माझा नवरा हाय," आक्का म्हणाल्या. "पाणी छातीखाली गेलं की त्यांचा पाय उचलत न्हाई. मी काय करू?"

खरं सांगायचं तर लाजच वाटली. दोन दिवस मी टाइल बघत होते, पाण्यातल्या माणसाकडे बघितलंच नव्हतं.

तरी सांगावं लागलंच. गळती शोधायचा खात्रीचा उपाय म्हणजे पाणी उतरू देणं. ते भोकापर्यंत उतरतं आणि थांबतं. जिथे थांबेल, तिथेच शोधायचं. आक्का रोज पाइप लावत राहिल्या तर पाणी थांबणार कुठे आणि मी शोधणार काय?

"किती दिवस?"

"आठवडा. जास्तही."

"मग गळू द्या," आक्का म्हणाल्या.

"मग बुजवू द्या," मागून संदीप.

तात्या व्हीलचेअरवर होते. झटक्यानंतर ते मोजकंच बोलत. "उतरू दे," ते म्हणाले.

फिजिओथेरपिस्टला फोन लावला. ते म्हणाले, पाणी कमी झालं की पायावर भार वाढेल, पण हळूहळू होत असेल तर हरकत नाही, दोन्ही बाजूंनी माणूस हवा. मी पूलच्या लाइटचा मेन स्विच बंद करून टाकला. पाणी कुठून जातंय हे कळेपर्यंत विजेशी खेळ नको.

मग रोज दोन रीडिंग व्हायला लागली. माझं टेपवर, आक्कांचं तात्यांवर. "आज बरगडीला आलं." "आज पोटाला." तिसऱ्या दिवशी तात्यांचा तोल गेला. संदीपने धरलं, पण आक्कांनी मला असं काही सुनावलं की मी चहा न घेता निघाले. चौथ्या दिवशी पाणी स्किमरच्या खाली गेलं. स्किमर म्हणजे पालापाचोळा ओढणारं भिंतीतलं तोंड. तिथे थांबलं नाही, म्हणजे स्किमर निर्दोष. मोटर बंद करावी लागली, क्लोरीन हाताने टाकायचं. आठव्या दिवशी पाणी थांबलं. नवव्या दिवशीही तिथेच. बरोबर लाइटच्या वरच्या कडेशी, तात्यांच्या कमरेला.

लाइटच्या मागे भिंतीत एक डबा असतो. त्यातून वायरचा पाइप मोटररूमकडे जातो. त्या पाइपचं सील गेलं की पाणी वायरीच्या वाटेने पसार. खात्री करायला पाणी पुन्हा बोटभर वर चढवून लाल रंगाचे चार थेंब लाइटपाशी सोडायचे. रंग आत ओढला गेला की चोर सापडला. फक्त पाणी एकदम स्थिर हवं.

तात्या पलीकडे बार धरून संदीपसोबत पाण्यात उभे होते, तेव्हा मी थेंब सोडले. रंगाची बारीक रेघ निघाली, लाइटच्या कडेकडे वळली, आणि पाणी डुचमळलं. रेघ विस्कटली.

"अहो तात्या, हलू नका ना! जागेवर उभे राहा!" मी वर न बघताच ओरडले.

"कुटं जातंय... बघू दे," आवाज माझ्या अगदी कानाशी आला.

मी मान वर केली. तात्या माझ्या शेजारी उभे होते. बार पलीकडच्या भिंतीला. मधे आठ-दहा फूट नुसतं पाणी, आणि धरायला काही नाही. संदीप हात पुढे करून तसाच थिजला होता. तात्यांना आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता. सगळा जन्म त्यांनी पाटाचं पाणी कुठे फुटतं ते शोधण्यात घालवलेला. ते वाकून लाइटच्या कडेत बोट घालत होते.

"हितं फुटलाय," ते म्हणाले.

आक्का कडेवर मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही. टेस्ट पुन्हा करावी लागली.

एपॉक्सीने पाइप बंद करायला अर्धा तास लागला. संध्याकाळी संदीपने टँकर मागवला, मुरमाचं नाव काढलं नाही.

माझ्या फॉर्मवर पहिला रकाना लांबी-रुंदीचा असायचा. आता पहिला प्रश्न असतो, पाण्यात कोण उतरतं. आणि तो घरातल्या बाईलाच विचारायचा. बाकीच्यांना फक्त टँकर माहीत असतो.