नावापाशी थांबणारी पेटी

ज्या माणसाचे उपकार मी सर्वांत जास्त मानतो, ते म्हणजे भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या इमारतीतले पेटीवाले काका. कुणी नवा माणूस भेटला की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "पूर्ण नाव?" समोरच्यानं नुसतं नाव आणि आडनाव सांगितलं की लगेच, "मधे बापाचं नाव कुठंय? घरी विसरलास?"

भाजीवाला, शेअर रिक्षात शेजारी बसलेला माणूस, कुणीच सुटायचं नाही. नव्या वॉचमनला पहिल्याच दिवशी त्यांनी गाठलं. "पूरा नाम बोलो. बाप को किधर छोड दिया?" तो बिचारा घाबरून आजोबांचंही नाव सांगून मोकळा झाला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, चौकशीखोर म्हणून टाळलीही असतील. मीही टाळायचो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी शिकून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. मीरा रोडच्या एका ऑफिसात लागलो, तेव्हा वडिलांच्या नावाचा मी नुसता 'के' ठेवला होता. दारावरच्या पाटीवर काकांनी तो वाचला. "के म्हणजे काय रे ग्रॅज्युएट? केळं?"

तेव्हापासून मी त्यांचा 'ग्रॅज्युएट' झालो. त्यांचं स्वतःचं नाव विचारलं तर मात्र हसायचे. "मी पेटी वाजवतो. पेटीवाल्याचं नाव गाण्यात येत नाय." म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

काका मूळचे कोकणातले. तरुणपणापासून गायन पार्टीत पेटीवर. रविवारी सकाळी आमच्या बुद्धविहारात गाणी व्हायची. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ते आलं की काका पट्ट्यांवरून बोटं उचलायचे, भाता थांबवायचे. नाव एकटं ऐकू यायचं. मग पेटी पुन्हा सुरू. "नावावर वाजवायचं नाय," ते म्हणायचे. "तेवढं त्या माणसाला बोलू दे."

माझे वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात हमाल होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जन्मात त्यांनी एकच गाणं रचलं, जिनच्या कामाचं. त्यांना बरं नाही असा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात होतो. गावी पोहोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं होतं.

वडील गेल्यानंतरचा जलदानविधी करून परत आलो. त्या रविवारी विहारात कुणीतरी एक गाणं धरलं. शब्द वेगळे होते, पण चाल वडिलांच्या गाण्याची. मी उठलो आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

गाणं संपल्यावर काका बाहेर आले. मी चालीचं सांगितलं. त्यांनी मला आत नेऊन पेटीजवळ बसवलं. बाकीचे चहाला गेले होते.

"म्हण."

"आत्ता? इथं?"

"मग काय, स्टेज बांधू तुला?"

मी म्हटलं.

*भोंगा वाजला जिनाचा, ऊठ गड्या कामाला*
*कापूस चिकटला अंगाला, वाळू दे घामाला*

दोन कडवी झाली आणि मी थांबलो.

"नाव कुठंय?"

"तिसरं कडवं मी ऐकलंच नाही, काका. वडील गायला बसले की दोन कडव्यांनंतर मी उठायचो. अभ्यास असायचा."

खरं तर लाज वाटायची. सरकीचं, घामाचं गाणं, आणि मी कॉलेजात जाणारा. हे काकांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

"म्हणजे बापाला अर्ध्यातच सोडलास," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अजून कोणाला येतं?"

"आईला येत असेल."

"लाव फोन."

फोन पेटीवर ठेवून मी तिसरं कडवं विचारलं. आई आधी म्हणाली, "आता कशाला रं ते?" मग सांगायला लागली.

"तू उठून गेल्याबिगर तेवढं कडवं ते म्हणतच नव्हते. मी म्हणायची, म्हणा की पोरासमोर. तर लाजायचे."

इतकी वर्षं मला वाटायचं की मी उठून जातो. ते तर माझ्या उठण्याची वाट बघत बसलेले असायचे.

आईनं सूर धरला. काकांनी तिचा सूर शोधून हलकेच साथ दिली, आणि पहिल्याच शब्दावर बोटं उचलली.

*किसन म्हणे, या हाताला अक्षर नाही ठावं*
*पोर लिहील कागदावर, त्यात माझं नाव*

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पेटी पुन्हा सुरू केलीच नाही.

पुढं दर रविवारी ते माझ्याकडून गाणं पूर्ण म्हणून घ्यायचे. "चाल घसरते तुझी. बाप असाच बेसूर होता काय रे?" मी चिडून वरच्या पट्टीत जायचो. त्यांना तेच हवं असायचं.

काही महिन्यांनी त्यांच्या गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला. काका गावी राहायला गेले. पेटी विहाराला देऊन टाकली. आता ती दुसरे गृहस्थ वाजवतात. हात चांगला आहे त्यांचा, पण नावावर थांबत नाहीत. मी समोर बसून दर वेळी वाट बघतो.

काकांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून परवा पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय काका, जय भीम.

वडिलांच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला गावी जाऊन आलो. गाणं म्हटलं. तेव्हा घरी गाणं ऐकायला बसणारे जिनमधले त्यांचे जोडीदार आले होते. दुसरं कडवं संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी उठतो की काय म्हणून. बसून राहिलो. पेटी नव्हती, तरी नावापाशी थांबलो. तेवढ्यात आई हळूच "हां" म्हणाली. चाल घसरलीच.

दारावरची पाटी बदलली. वॉचमन विचारत होता, "नया नाम रखा क्या?" मी म्हटलं, "नहीं, पुराना है."

सोबत तिन्ही कडवी लिहून पाठवतोय. आजपर्यंत ती कागदावर कुठंच नव्हती. गुडघ्यांना जपा.

आपला,
प्रशांत किसन हिवाळे