रिकामी गिरणी

बदनापुरातल्या आमच्या गिरणीवाल्या काकांचं नाव मला आजही ठाऊक नाही. सीमेवर लढाई पेटली आणि त्यांचा मुलगा तिकडेच आहे, एवढं रांगेतल्या बायकांकडून कळलं. गिरणीच्या घरघरीत फोन ऐकू येणार नाही, म्हणून काकांनी तो बंडीच्या खिशात ठेवला होता. थरथरला तर कळावं म्हणून डावा तळहात सतत त्यावर दाबलेला. उरलेल्या एका हाताने जमेल तसं दळायचे. पीठ चिमटीत चोळून बघायचं तर विसरूनच गेले होते. ज्वारी भरडी यायची, भाकरी थापताना फाटायची. पण रांगेत कुणी चकार शब्द काढला नाही.

लढाई थांबल्यावर मी दळण घेऊन गेले, तर काकांचे दोन्ही हात पिठात.

"फोन आला का, काका?"

"काल आल्ता, ताई. म्या इचारलं, जेवलास का?  तर म्हनला, बाबा, गिरणी चालू करा, ऐकू द्या जरा. दळण तर एकबी नव्हतं. तशीच रिकामी चालवली अन् फोन धरला."

"रिकामी? अहो, दगडावर दगड घासला असेल की!"

"घासू द्या," काका हसले. "बिलकुल घासू द्या."

संध्याकाळी जेवताना भाकरीत दगडाची कचकच लागली. ह्यांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"खा मुकाट्यानं," मी म्हणाले. "पोरगं सुखरूप आहे."