गुडघ्यांवरचं व्याख्यान

माझ्या आईचे गुडघे मी शास्त्राच्या आधारे घालवले. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही; बायकोलाही नाही. (तिला संशय आहे, पण तो तिला माझ्या सगळ्याच शास्त्रांविषयी आहे.)

युद्धाचे दिवस होते. कराडजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. शेजारी मलकापुरात इंजिनाची गिरणी सुरू झाली आणि आमच्या गल्लीतली दळायची जाती एकेक करून गप्प झाली. आमचं तेवढं घरघरत होतं. एक दिवस आई म्हणाली, "बाळू, जात्यावर बसलं की गुडघं लय ठसठसत्यात रं. एवढं दळण सायकलीवर टाकून आण की."

सायकल नवी. अंगात काळा कोट. त्यावर पीठ! शिवाय ज्यांच्या मुलीशी माझं लग्न जुळत होतं, त्यांचं घर नेमकं गिरणीच्या रस्त्यावर! पोतं घेऊन त्या दारावरून जायचं?

त्याच आठवड्यात सांगलीला मी एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकून आलो होतो. सांधे हलते ठेवा, वजन वाढू देऊ नका, दुखऱ्या सांध्याला विसावा द्या, असं ते म्हणाले होते. यातलं शेवटचं वाक्य मी सांगली स्टेशनावरच सोडून आलो.

"आई, जातं सोडलंस तर सांधे गंजतील. शास्त्र आहे!"

"व्हय? मग तुझ्या बापाचं गुडघं कशानं गेलं? त्यो तर जन्मभर नांगरामागं चालला."

"ते वेगळं!" (शास्त्रात 'ते वेगळं'ला फार मोठं स्थान आहे.)

तिला पटलं. वर गल्लीभर सांगत सुटली, "माझा बाळू माझ्या गुडघ्यांची लय काळजी करतो!"

झालं! गावानं मला मारुतीच्या पारावर व्याख्यानाला उभं केलं. मी रंगात आलो. तेवढ्यात पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार तात्या ओरडले, "मास्तर, नुसतं बोलू नगा! एक तरी गुडघा दावा की!"

"माझ्या आईचेच बघा!" मी म्हणालो. "आई, पुढं ये. खाली बस आणि ऊठ."

ती आली. पदर सारखा केला. बसली.

उठली नाही.

"ऊठ की," मी दातांतल्या दातांत म्हणालो.

तिनं जमिनीला हात टेकले, जोर लावला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, "आलीच हाय तर गवात उपटते. देवाच्या दारात किती माजलंय बगा!" आणि बसल्या बसल्या सरकत ती पाराभोवतीचं गवत उपटू लागली.

"मास्तर, म्हातारी लय कामाची हाय! उठायचं नावच घेत न्हाई!" तात्या म्हणाले. लोक हसले. टाळ्या पडल्या. आणि मी? मी व्याख्यान पुढं चालू ठेवलं!

सगळे पांगल्यावर मी तिला काखेत हात घालून उभं केलं. ती घामानं भिजली होती.

"तुझं भाषण झ्याक झालं," ती म्हणाली. "कुणाला कळलं न्हाई न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं पुन्हा घरघरलं. मी पांघरुणात जागा होतो. उठून थांबवता आलं असतं. मी कूस बदलली.

पुढं माझं लग्न झालं, सायकल जुनी झाली आणि आई घरात भिंत धरून चालू लागली. मग तेही थांबलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती अंथरुणावरून सांगायची, "बाळूनं जपलं म्हणून एवढी तरी चालले." मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचो. शेवटपर्यंत ती तेच सांगत राहिली आणि मी पाणीच आणत राहिलो.

आता हे सगळं लिहून काढलंय खरं, पण लिहून भागत नाही. आईला वाचता येत नव्हतं. 'मला पोतं न्यायची लाज वाटत होती' हे एक वाक्य मी अजून तिचं देणं लागतो.