खुन्नसबाईंचा कडुनिंब

झाड प्रेमानं जगत नाही, असं आमच्या बाई भर वर्गात सांगायच्या. "प्रेम उन्हाळा आला का आटते, पोट्टेहो. झाडाले खुन्नस लागते, खुन्नस." बाई मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, भूगोल शिकवायच्या. सगळी शाळा त्यांना खुन्नसबाई म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा हजेरी घेताना मागून कुणीतरी हळूच ते नाव घेतलं, तर वर न बघता म्हणाल्या, "हजर."

चंद्रपूरच्या उन्हाबद्दल मी नव्यानं काय सांगू? त्यात आमची शाळा टिनाच्या छताची आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. बाई सकाळी खिडकीला पांढरा रुमाल बांधायच्या आणि शाळा सुटताना काळा झालेला तोच रुमाल आम्हाला दाखवायच्या. "हे तुमच्या छातीत जाऊन राह्यलं. ध्यानात ठेवा." मैदानात एकच मोठा कडुनिंब होता. अर्धी शाळा त्याच्याखाली डबा खायची.

तो कडुनिंब संस्थेच्या अध्यक्षांनी तोडला. मैदानभर सिमेंटचे गट्टू बसवायचे होते, गाड्या लावायला. त्याच पावसाळ्यात पाहुणे बोलावून वृक्षारोपणही झालं, कोपऱ्यातल्या त्याच खड्ड्यात, जिथं दरवर्षी नवं रोप लागायचं आणि दिवाळीपर्यंत वाळायचं. फोटो छापून आला. हरित शाळेची ढालसुद्धा मिळाली. आम्ही काही मुली सावलीचं विचारायला गेलो, तर अध्यक्ष हसून म्हणाले, "कोळसा उचलणाऱ्याच्या पोरीले सावली कधीपासून लागाले लागली?" माझे वडील खाणीत होते. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कडुनिंबाच्या जमिनीत उरलेल्या थुटाजवळचा एक गट्टू उपसून काढला. मग रोज प्रार्थना झाली की आपल्या बाटलीतलं पाणी तिथं ओतायच्या. धुमारे फुटले. वरून हुकूम आला, शिपाई रहीमभाईंनी ते छाटले. पुन्हा फुटले, पुन्हा छाटले. रहीमभाई कानकोंडे होऊन म्हणायचे, "बाई, मेरी भी नोकरी है." बाई म्हणायच्या, "तुम्ही कापा भाऊ, मी पाणी घालते. पाहू कोण आधी थकते."

अध्यक्ष आधी थकले. त्यांनी बाईंची बदली संस्थेच्या आरमोरीच्या शाळेत केली. शेवटच्या दिवशी, एरवी निकालाआधी नारळ फोडणाऱ्या मुलींची टर उडवणाऱ्या आमच्या ह्या बाईंनी थुटाशी एक गोल दगड मांडला, त्याला शेंदूर फासला आणि धुमाऱ्याला लाल धागा बांधला. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर देव मानत नाही."

"मी नाई मानत. अध्यक्ष मानते ना."

बाईंना बसस्टँडवर पोचवायला मी एकटीच गेले होते. "रडू नको," खिडकीतून म्हणाल्या. "शिक. इतकी शिक का ह्या माणसानं तुह्यापुढं हात जोडले पाहिजे."

धुमाऱ्याला पुन्हा कुणी हात लावला नाही. पुढच्याच मंगळवारी अध्यक्ष स्वतः नारळ घेऊन आले.

आणि मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही पर्यावरणाच्या विषयातली, आणि हे मी चारचौघांत मोठ्यानं सांगते. शहरातल्या शाळांची हरित तपासणी करणाऱ्या समितीत आज मला खुर्ची आहे. यंदा तपासणीच्या यादीत आमची जुनी शाळा आली. अध्यक्ष फाटकात हात जोडून उभे होते. कडुनिंब टिनाच्या वर गेलेला, आणि त्याच्या गार सावलीत त्यांची पांढरी गाडी.

"मॅडम, हे झाड आम्ही लेकरासारखं जपलं."

"आधी तोडलं कुणी होतं, तेही सांगा," मी म्हणाले. शिक्षक, मुलं, सगळे ऐकत होते. अध्यक्षांनी मला ओळखलं नव्हतं. मग मी वडिलांचं नाव सांगितलं, खाण सांगितली. "तीच पोरगी मी. सावली आम्हाला तेव्हाही लागत होती."

ढाल हवी असेल तर मैदानातले सगळे गट्टू निघतील, माती मोकळी होईल, गाड्या फाटकाबाहेर लागतील, असं मी सांगितलं. नियमही तसाच आहे. पण एक गोष्ट नियमात नव्हती, ती माझी होती. "पहिला गट्टू तुम्हीच काढा. फोटो घेऊ ना." अध्यक्ष वाकले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गट्टू काही निघेना, नखांत माती गेली. मी घाई केली नाही. फोटोवाल्यालाही म्हटलं, सावकाश.

संध्याकाळी आरमोरीला फोन लावला. बाई आता निवृत्त आहेत, ऐकू कमी येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं, आणि मी ते आनंदानं दोनदा सांगितलं.

"वाकला का?"

"वाकला, बाई."

"गाडी?"

"उन्हात."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, "मन भरलं का तुहं?"

मी खरं तेच सांगितलं. "नाई बाई."

"बेस. मंग त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात यंदा तू रोप लाव. आता जगते ते."