देवरावकाकांच्या ट्रकचं नवं स्टिअरिंग

आमच्या गॅरेजात काम संपलं की ट्रेमध्ये एक तरी नट उरतोच. तो कोणत्या गाडीचा, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि घोर मात्र मला लागतो! किश्श्यांचंही तसंच, उरतच जातात. बी.कॉम. झाल्यापासून मी घाटंजी रोडवरच्या बाबांच्या गॅरेजात पार्ट्सच्या काउंटरवर बसते आणि टायरची हवा फुस्स झाली तरी दचकते. पण त्या दोन दिवसांत देवरावकाकांच्या एकट्या ट्रकनं जेवढं दचकवलं, तेवढं वर्षभरात नाही.

*

काकांचा ट्रक माझ्याहून वयानं मोठा. स्टिअरिंगचं कडं काडीसारखं बारीक. संधिवातानं काकांची बोटं पूर्ण मिटेनाशी झाली, तसे ते त्यावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळत गेले. तरी पकड सुटायचीच. मुलगा मागे लागला होता, गाडी विका म्हणून.

"इकून करू काय? घरी बसून टीव्ही वळवू का?"

बाबांनी मारेगावच्या भंगारातून नव्या मॉडेलचं स्टिअरिंग आणलं. घेर तेवढाच, पण कडं जाडजूड, मऊ. काकांनी ते हातात धरलं आणि खाली ठेवायलाच तयार होईनात!

"देवरावभाऊ, गाडीले लावू देता का घरी नेता?" बाबा म्हणाले.

*

जुनं स्टिअरिंग ओढून काढायला पुलर लागतो. बाबांचा नियम असा, की पुलर लावताना मधला नट दोन आटे तरी राहू द्यायचा, नाहीतर स्टिअरिंग सुटून तोंडावर येतं. हा नियम ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. काकांना ऐकवता ऐकवता स्वतःच अख्खा नट काढून बसले!

धाडकन निघालं. बाबा सीटवर उताणे, हॉर्नची वायर लोखंडाला टेकलेली, आणि भोंऽऽऽ! थांबेचना. मी काउंटरखाली.

बाहेर काका शांत. "मिस्त्री, निघालं वाट्टे."

*

नव्या स्टिअरिंगच्या मधल्या भोकातले दाते ट्रकच्या जुन्या दांड्यावरच्या दात्यांत बसेनात.

"कानस मारा न थोडी," काका म्हणाले.

बाबा भडकले. "कानशीनं बसते जी. मंग घाटात हातात येते!"

लेथवाल्याकडून दोन्हींना जोडणारा मधला तुकडा करून घ्यायचा, तर दांड्याचे दाते मोजून द्यायला हवेत. ते काम माझ्याकडे. पहिल्यांदा छत्तीस आले, मग पस्तीस. मध्येच कुणाचा तरी पाना खाली पडला, मग अडतीस!

"बी.कॉम. काहून केलं तू?" बाबा म्हणाले.

शेवटी पहिल्या दात्याला नेलपॉलिश लावून मोजले. छत्तीस. तीनदा. तुकडा चपखल बसला. तेव्हापासून माझी लाल बाटली बाबांच्या पेटीत आहे. परत मागायची हिंमत होत नाही.

*

बसवलं, गाडी रस्त्यावर काढली. गाडी सरळ, स्टिअरिंग तिरपं! काकांनी ट्रक लिंबाच्या सावलीत चाकं वळवून लावला होता आणि तिघांपैकी एकानंही खाली पाहिलं नव्हतं.

"राहू द्या जी मिस्त्री. मी बी थोडा वाकडाच बसतो."

बाबांनी चाकं सरळ करून पुन्हा बसवलं.

*

राहिली ट्रायल. त्या दिवशी बाजार नसल्यानं आठवडी बाजाराचं मैदान रिकामं, मधोमध हातपंप. चाकं बघायला बाबा खाली उभे, म्हणून काकांशेजारी मी.

"आज वळली नाही, त पोराले फोन करतो माय. ने म्हनतो गाडी."

काका हळूहळू थेट हातपंपाकडे निघाले. मी दाराजवळची दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. गाडी कलली, इंजिन कण्हलं, थांबलं.

डोळे उघडले. हातपंप मागे राहिला होता, गाडीचं तोंड गॅरेजकडे. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं जाड कड्याभोवती रुतलेली.

"वळली," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं काही दांडीवरून निघेनात. काका वाकले आणि त्याच हातांनी माझं एकेक बोट सोडवू लागले. करंगळी ऐकेचना. तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले,

"मिस्त्री, पुलर आना जी!"